अजून एक तोंडीलावणं

अंड्याच्या पोळीची कड नुकती धरू लागली होती आणि गॅस संपला. आच आधी पिवळी पडली, मग उचकी लागल्यासारखी एकदा हलली आणि गेली. ख्वेने बटण फिरवून पाहिलं, टाकी जरा तिरकी करून पाहिली, शेगडीला दोन शब्द सुनावूनही झाले. उपयोग झाला नाही. पोळी मधोमध कच्चीच राहिली, वरचा खिमा आणि कांद्याची पात तशीच ओली. तिने सवयीने बटण बंद केलं, सवयीनेच धूर ओढणारा पंखाही बंद केला आणि कालथा हातात धरून ती तशीच उभी राहिली. फोन केला असता तर खालच्या गल्लीतल्या दुकानातून माणूस टाकी मोटरसायकलवर टाकून लगेच आला असता. पण फोन बाहेरच्या खोलीत होता. बाहेरच्या खोलीत चटईवर जेवणाचं मोठं गोल ताट मांडलेलं होतं, ताटाशी तिचा नवरा लुआन आणि उयेन येऊन बसत होती, आणि ख्वेला आज त्या खोलीत जायची भीती वाटत होती. चव्वेचाळीस वर्षांची बाई, चष्म्याच्या दुकानात दिवसभर अनोळखी लोकांच्या नाकाकानांची मापं घेणारी, नवऱ्याच्या पंधरा वर्षांच्या मुलीला भीत होती. हसण्यासारखीच गोष्ट होती, पण तिला हसू येत नव्हतं.

सकाळी बुटाच्या नाड्या बांधता बांधता उयेन म्हणाली होती, "बाबा, आत्याला काय कळवायचं ते मी आज रात्री जेवताना सांगते." एवढं बोलून ती दप्तर उचलून जिना उतरून गेली. आत्या हायफोंगला राहायची. नवरा बोटीवर, मूलबाळ नाही, घर ऐसपैस, आणि चांगली शाळा घरापासून चालत जाण्यासारखी. नववी झाली की पोरीला माझ्याकडे पाठव, तिची खोली मी रंगवून ठेवते, असं तिने नव्या वर्षाच्या सणाला सगळ्यांदेखत म्हटलं होतं. येत्या रविवारी ती येणार होती. उयेन हो म्हणाली तर रविवारी तिची बॅगही त्याच गाडीतून जाणार होती. सकाळचं ते वाक्य उयेन बाबांना उद्देशून बोलली होती. ख्वे तिथेच दाराशी तिचा डबा भरत होती, हातभर अंतरावर, आणि त्या वाक्यात तिला कुठेच जागा नव्हती. दिवसभर दुकानात तिचं चित्त ठिकाणावर नव्हतं. एका म्हाताऱ्या गृहस्थाला तिने बायकांची फ्रेम चढवली आणि छान दिसते म्हणून सांगितलं. तोही बिचारा आरशात बघून हो म्हणाला. पोरगी गेली तर लोक म्हणतील, सावत्र आईने टिकू दिलं नाही. लोकांचं जाऊ दे, लोक काय, भात करपला तरी म्हणतात. ख्वेला भीती होती ती आपलंच मन तेच म्हणेल याची, आणि त्याला उत्तर द्यायला आपल्यापाशी काही नसेल याची.

म्हणून आज तिने घाट घातला होता. घरी येताना बाजारात थांबून नाळीच्या भाजीची जुडी घेतली, गरम टोफूच्या चार वड्या घेतल्या, अंडी घेतली, खिमा घेतला. घरात मिठाच्या पाण्यात मुरवलेली बोराएवढी पांढरी वांगी होतीच, तीळ आणि शेंगदाण्याचं कूटही होतं. भाजी उकडून झाली, तिच्या पाण्यात आंबट साउची फळं ठेचून त्याचा रस्सा झाला, टोफू तळून झाला, पात घातलेला माशाचा खारा रस मधोमध ठेवायच्या वाटीत ओतून झाला. कोणाही शेजारणीने यावर पुरे म्हटलं असतं, हात पुसले असते आणि जाऊन बसली असती. कामाच्या दिवसाचं जेवण ते; भात आणि भाताला काहीतरी तोंडीलावणं. पण ख्वेला पुरे असं कधी वाटतच नसे. सगळं ताटात गेलं की तिला ताट उघडं दिसायचं, आणि मग अजून एक तोंडीलावणं, तव्यावरून थेट, वाफ निघत असलेलं. उयेनला अंड्याची पोळी आवडते हे तिला ठाऊक होतं, कारण ती कधी उरत नसे. गरम पोळी पुढ्यात आली तर कदाचित पोरीचा जीव जाते म्हणायला धजणार नाही, असा काहीतरी वेडगळ हिशेब तिने संध्याकाळपासून धरून ठेवला होता. तो आता अर्धा कच्चा तव्यात पडला होता.

हे वेड तिच्या आईचं. दूर दक्षिणेकडे, सादेकला, कालव्याच्या काठी त्यांचं घर होतं, आणि आई मातीच्या छोट्या बोळक्यात माशाचा रस साखर घालून आटवायची, चिकट काळसर होईपर्यंत, वर मिरी आणि डुकराच्या चरबीचे कुरकुरीत तुकडे. उकडलेला दुधी त्यात बुडवला की भाताला दुसरं काही लागत नसे. तरी आई चुलीपुढून हलायची नाही. जो येईल तो खायला बसे, भूक लागली की जेवायचं, कोणी कोणासाठी थांबायचं नाही. खा रे, खा, थांबू नका माझ्यासाठी, हे आईचं वाक्य, आणि ते तिच्या पाठीकडून यायचं. ख्वेला आईची पाठ अजून नीट आठवते. घामाने चिकटलेला जांभळा सदरा, मानेवरचा तीळ, वाकल्यावर वर येणारे मणके. आई जेवताना कशी दिसायची हे मात्र तिने कितीदा आठवायचा प्रयत्न केला, काही डोळ्यांपुढे येत नाही. आई गेली त्या वर्षी भावाबहिणींत बसून तिने एकदा विचारलंही होतं, आपल्यापैकी कोणी तिला बसून जेवताना पाहिलंय का. सगळ्यांनी आठवून पाहिलं, मग थोरला भाऊ म्हणाला, अगं तिला भूकच कमी होती. त्या उत्तराने तेव्हा तिचं समाधान झालं होतं, याची आता लाज वाटते.

लुआनशी लग्न होऊन ती हनोईला आली त्याला तीन वर्षं झाली. लुआनची पहिली बायको हिएन, उयेन नऊ वर्षांची असताना, आजारपणात गेली होती. तिचा फोटो कपाटावरच्या देव्हाऱ्यात होता. हसरी, जरा पुढे आलेल्या दातांची, फळांच्या ताटलीमागून बघणारी बाई. ख्वेला तिचा कधी राग आला नाही. उलट सकाळी अगरबत्ती लावताना ती तिला मनातल्या मनात विचारायची, आज काय करू, हिला काय आवडतं, सांगून तरी जायचंस. पहिल्याच दिवशी तिने घोळ घातला होता. नाळीची भाजी उकडली आणि पाणी सरळ मोरीत ओतून दिलं. ताट मांडल्यावर उयेनने इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "रस्सा कुठाय?" ख्वेला कळेचना. मग लुआन हसून म्हणाला, "इकडे भाजीचं पाणी टाकत नाहीत गं. त्यात साउ ठेचायचा, झाला रस्सा. एका पातेल्यात दोन पदार्थ. तुम्हा दक्षिणेकडच्या लोकांना सुबत्ता जास्त." तो चिडला नव्हता, पोरगीही चिडली नव्हती, तिने भातावर टोफूचा तुकडा घेतला आणि कोरडा भात मुकाट्याने खाल्ला. त्या कोरड्या भाताचा एकेक घास ख्वेने आपल्या घशाखाली मोजला. मोरीत गेलेल्या त्या पातेलाभर पाण्याची भरपाई ती तीन वर्षं करत होती, कधी माशाने, कधी अंड्याने, कधी भरलेल्या टोमॅटोने, आणि ती काही फिटत नव्हती.

आणि त्याच दिवशी तिला इथली ती रीतही कळली होती, जी तिच्या गावी कोणी पाळत नाही. घास उचलण्याआधी घरातल्या धाकट्याने वडीलधाऱ्यांना एकेक करून जेवायला बोलवायचं. आजोबा, जेवायला घ्या. आजी, जेवायला घ्या. असं ताटाभोवतीच्या प्रत्येकाला. चाळीत संध्याकाळी सात वाजले की प्रत्येक दारातून हेच ऐकू येतं, आणि जिना चढताना नुसतं कान देऊन सांगता येतं की कोणाकडे किती माणसं जेवताहेत, कोणाचा मुलगा परगावी गेला, कोणाची सासू आली. उयेन रोज म्हणायची, "बाबा, जेवायला घ्या." स्वच्छ, खणखणीत आवाजात, शाळेत कविता म्हणावी तशी. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग जेवायच्या काड्या वाटीला लागल्याचा आवाज. स्वयंपाकघरात तव्याच्या चरचरीत आणि पंख्याच्या घरघरीत उभी राहून ख्वे रोज ते ऐकायची. बाबांचं नाव, मग रिकामा क्षण, मग काड्या. एरवी उयेन तिला मावशी म्हणायची, पण इथे तिच्या नावाची पाळी कधी आली नाही. पहिल्या महिन्यात वाटलं, पोरगी लाजत असेल. मग वाटलं, वेळ लागेल. मग त्या रिकाम्या क्षणाचा अर्थ तिने तिचा तिनेच लावून टाकला. त्या क्षणात हिएन येऊन बसते. पोरगी आईसाठी जागा सोडते, मनातल्या मनात तिला जेवायला बोलावते, आणि दुसऱ्या कोणाला त्या जागेवर बसवून घेणार नाही. हे इतकं रास्त होतं की त्यावर रुसताही येईना. रडायला येई तेव्हा ती कांदा जास्त चिरायची. लुआनला तिने कधी विचारलं नाही. विचारून आलेलं उत्तर पुन्हा मोरीत ओतता येत नाही.

एकदा, गेल्या हिवाळ्यात, तिने ठरवलं होतं की आज आधीच जाऊन बसायचं. मुद्दाम साधा बेत केला, सगळं वेळेत आवरलं. पण पोरगी हात धुऊन येताना दिसली आणि ती लिंबू राहिलं म्हणून उठून आत पळाली आणि आत जाऊन कोरडा तवा तापवत बसली. समोर बसलेली असताना नाव गाळलं गेलं तर ते सहन झालं नसतं. भिंतीआड उभं राहून ते थोडं कमी लागतं. आपण तिथे नव्हतोच असं स्वतःला सांगता येतं.

आता तवा गार होत चालला होता आणि पंखा बंद होता. स्वयंपाकघर इतकं शांत झालेलं तिने या घरात प्रथमच पाहिलं. वरच्या मजल्यावर कोणीतरी खलबत्त्यात काहीतरी कुटत होतं. नळाचा थेंब पडत होता. बाहेर लुआनने घसा साफ केला, चटईवर मांडी बदलली. भाताच्या भांड्याचं झाकण उघडल्याचा आवाज आला. तीन वर्षांत भाताचं भांडं पोरीकडेच गेलं होतं. ज्या बाईने भांड्याशी बसून सगळ्यांना वाढायचं, ती बसतच नव्हती. मग उयेनचा तो रोजचा खणखणीत आवाज.

"बाबा, जेवायला घ्या."

मग तो क्षण. ख्वेने डोळे मिटले.

आणि त्या क्षणात, अगदी हळू, दाराकडे तोंड करून विचारावं तसं, उयेन म्हणाली, "मावशी?"

 मग लुआनचा आवाज आला, पाठ झालेलं उत्तर द्यावं तसा. "येईल ती. तू जेव. भात गार होतो."

"रोज हेच," उयेन म्हणाली.

ख्वेने कालथा खाली ठेवला. तिला आधी काही कळलंच नाही. आधी नुसता कानात झिणझिण्या आल्यासारखा आवाज. मग एकेक रात्र मागून पुढे येऊ लागली. माशाची रात्र, टोमॅटोची रात्र, पावसात भिजून आल्यावरही तिने आलं घालून कोंबडी केली होती ती रात्र. प्रत्येक रात्री तो क्षण तिथेच होता, बाबांच्या नावानंतर आणि काड्यांच्या आधी, आणि त्यात दर वेळी कोणीतरी हळूच तिला विचारत होतं, आणि तव्यावर काहीतरी चरचरत होतं. जे ती पोरीसाठी तळत होती त्याच्याच आवाजाने पोरीची हाक बुडवत होती. तिला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळे भरून आले. आधी काय पुसावं ते न सुचून तिने हातच पुसले, कच्चं अंडं तव्यातच राहू दिलं, आणि ती बाहेर आली.

ताटाच्या रिकाम्या बाजूला तिची वाटी आणि काड्या मांडलेल्याच होत्या. रोज असतात तशा. रोज ती शेवटी येऊन, ती दोघं उठता उठता, त्या वाटीत उरलेलं घेऊन खायची. आज ती जाऊन सरळ बसली. दोघंही तिच्याकडे बघत राहिली.

"गॅस संपला," ख्वे म्हणाली.

"मागवू का टाकी?" लुआनने फोनकडे हात नेला.

"नको. उद्या बघू. अंडं अर्धं कच्चं राहिलंय, टाकून द्यावं लागेल. आज एवढंच आहे."

उयेनने ताटाकडे पाहिलं. भाजी, रस्सा, टोफू, वांगी, कूट. "एवढंच?" ती म्हणाली. "मावशी, यात खालच्या मजल्यासकट सगळे जेवतील."

लुआन हसायला लागला आणि मग बायकोचा चेहरा बघून थांबला. ख्वे पोरीकडे बघत होती. आता विचारलं नाही तर पुन्हा कधी विचारता येणार नाही हे तिला कळत होतं, आणि तरी शब्द बाहेर यायला वेळ लागला.

"तू रोज मला बोलावतेस?"

"मग काय करू?" उयेन जरा घुश्शातच म्हणाली. "तुम्ही येतच नाही. आज मासा, उद्या अंडं. पहिल्या दिवशी मी तोंड उघडायच्या आत म्हणालात, खा, खा, माझ्यासाठी थांबू नका. तरी मी थांबते थोडी. मग बाबा म्हणतात भात गार होतो."

"मग जोरात हाक मारायची ना. मला ऐकू तरी आलं असतं."

"जेवायला घ्या असं ओरडून म्हणतात का कोणी?" पोरीला त्या कल्पनेचाच धक्का बसला होता. "समोर बसलेल्या माणसाला म्हणतात ते. आतल्याला ओरडून बोलावलं की ते कामाला बोलावल्यासारखं होतं."

"मला वाटायचं..." ख्वे थांबली. मग तिने सांगून टाकलं. "मला वाटायचं, ती जागा तू तुझ्या आईसाठी सोडतेस."

उयेनने वर कपाटाकडे, देव्हाऱ्याकडे पाहिलं. लुआनही तिकडे बघू लागला आणि मग त्याने मान खाली घातली. "आईला मी तिकडे बोलावते," उयेन म्हणाली. "शाळेतून आल्यावर, अगरबत्ती लावून. तिला भात गार झालेला चालतो." मग थोडा वेळ ती काड्यांची टोकं एकसारखी करत बसली. "तुम्हाला चालत नाही ना. म्हणून तर तुम्ही सारख्या आत असता."

लुआनला अशा वेळी गप्प बसणं जमत नाही. "बरं, ते असो," तो म्हणाला. "आत्याला काय कळवू? तू सकाळी म्हणालीस, जेवताना सांगते."

"अजून जेवायला कुठे लागलोय, बाबा?" उयेन म्हणाली. आणि मग, बापाकडे बघत, पण आवाज दुसऱ्याच कोणाला जाईल असा, "आत्याकडे ना, सणाला गेले होते तेव्हा, रात्री नुसती उकडलेली भाजी नि माशाचा रस असायचा. कधीकधी तेच दोन दिवस. पण आत्या बसते. चिंगळं सोलत बसते आणि बोटीवरच्या आतोबांच्या थापा सांगते. इथे मी रोज तुमच्या पाणीखात्यातल्या पाईपांची गोष्ट ऐकत जेवते. कोणता पाईप फुटला, कोणता फुटणार आहे. म्हणून मला वाटत होतं, जावं."

पाण्याचा पाईप फुटावा तसं काहीतरी ख्वेच्या आत झालं, पण ती बसून राहिली. तिला लाज वाटली, वाईट वाटलं, आणि त्या सगळ्याच्या खाली एक असा आनंद होता की त्याचं काय करावं तिला समजेना. तीन वर्षं तिने ज्या गोष्टीने पोरीला घरात धरून ठेवायचं म्हटलं, त्याच गोष्टीने ती तिला दाराकडे ढकलत होती, आणि हे किती सोपं निघालं होतं. खाली बसायचं एवढंच. तिच्या आईला हे कोणी सांगितलं असतं तर. चुलीपुढून त्या जांभळ्या सदऱ्याला धरून कोणी ओढून आणलं असतं, आई, आता पुरे, बस, असं म्हणून, तर आज तिला आईचं जेवतानाचं तोंड आठवलं असतं. पण त्या घरात कोणी कोणाला जेवायला बोलावत नसे. तिथे हाक मारायची रीतच नव्हती.

उयेनने काड्या खाली ठेवल्या, पाठ ताठ केली आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. लहानपणी आईने शिकवलं असेल तसं.

"बाबा, जेवायला घ्या," ती म्हणाली. "मावशी, जेवायला घ्या."

ख्वे नुसती बघत राहिली. पुढे काय करायचं असतं हे तिला खरोखरच माहीत नव्हतं. पोरगीही तशीच ताठ बसून होती.

"अगं, उत्तर दे तिला," लुआन हळूच म्हणाला. "हो, तूही घे, असं म्हणायचं असतं. तोवर तिला घास उचलता येत नाही. भुकेने मरेल पोरगी."

"हो," ख्वे म्हणाली, आणि तिचे दक्षिणेकडचे लांबट हेल अशा वेळी नेमके उफाळून आले. "तूही घे, बाळा."

मग सगळे जेवायला लागले. रस्सा कोमट झाला होता. साउ थोडा जास्तच पडला होता, जीभ आंबून जावी इतका, आणि ख्वेला नवल वाटलं, इतके दिवस या रश्शाची चव आपल्याला माहीतच नव्हती. तिच्या वाट्याला तो नेहमी तळाचा आणि गार यायचा. कूट गरम भातावर पसरलं की खरपूस वास येतो हेही तिला आज कळलं. टोफू बुडवायला मधल्या वाटीत एकाच वेळी तिघांच्या काड्या आल्या आणि लुआनने माघार घेतली. उयेनने वांग्याचा करकर आवाज करत शाळेतल्या गणिताच्या बाईंची नक्कल केली, आणि ख्वे इतकी हसली की तिला ठसका लागला. मिरची राहिली, असं म्हणून ती एकदा अर्धी उठलीही. दोघांनी एकदमच तिच्याकडे पाहिलं. ती पुन्हा बसली.

"आत्याला सांगा," उयेन घास गिळून म्हणाली, बापाकडे न बघता, "रविवारी जेवायला ये म्हणावं. न्यायला नको."

 लुआनने टोफूचा सगळ्यात मोठा तुकडा उचलून पोरीच्या वाटीत टाकला, मग थोडा विचार करून दुसरा ख्वेच्या वाटीत. ख्वेच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तिने ते पुसलं नाही. भाजी तिखट नव्हती, कांदाही जवळपास नव्हता, आणि कोणाला काही कारण सांगायची आज गरजही नव्हती. तिची वाटी रिकामी झाली होती. उयेनने भाताचं भांडं जवळ ओढलं आणि हात पुढे केला.

"द्या, वाढते."

"थोडाच घाल," ख्वे म्हणाली.

उयेनने वाटी शीग लावून भरली आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरली. ख्वे त्या भाताकडे बघत म्हणाली, "एवढा कधी संपायचा मला?"

"सावकाश जेवा," उयेन म्हणाली. "तुम्हाला कुठे उठायचंय?"